लढाईला नानांचा आवाज

किस्से ठरवून गोळा होत नाहीत. चार माणसं अकरा वर्षं दर रविवारी एकाच खोलीत बसली, की ते आपोआप साठतात, सीपीयूच्या पंख्यात धूळ साठते तसे. किती साठलेत ते मशीन उघडल्यावरच कळतं. हल्ली आमच्यात कुणी नवा माणूस आला की भोईर लगेच सुरू करतो, "तो नानांचा सांगू का?" मग हरेश त्याला मध्येच तोडतो, कारण भोईर सांगतो त्यातलं निम्मं त्याच्या पदरचं असतं. म्हणून म्हटलं, एकदा मीच लिहून टाकतो. माझ्याही पदरचं थोडं असेल, पण भोईरइतकं नाही.

आधी आम्ही कोण ते सांगतो. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये हरेशचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. वर पोटमाळा, तिथे चार जुनी मशीन्स एकमेकांना वायरीनं जोडलेली. हरेश सिंधी, आणि मराठी आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो. भोईर वांगणीचा, भाताची शेती करतो आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. विद्याधर अंबरनाथचा, एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. मी बदलापुरात सोनिवलीला राहतो आणि उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो. चौघंही पंचेचाळिशीच्या पुढचे. रविवारी दहा ते एक आम्ही एक जुना लढाईचा गेम खेळतो. बायका त्याला पोरखेळ म्हणतात आणि ते खोटं नाही.

गेम साधा आहे. राज्य घ्यायचं, गहू पिकवायचा, तट बांधायचे, फौज उभी करायची आणि शेजाऱ्याला बुडवायचं. गेमच्या फोल्डरमध्ये संगीताच्या पाच फाइली: शांततेची, वेढ्याची, लढाईची, जिंकल्याची आणि हरल्याची. पाचांतही तेच ढोल, तीच तुतारी. ऐकून ऐकून कानांचा भुगा झाला होता. पण ते बदलता येतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, विद्याधर सोडून. आणि विद्याधर म्हणजे आमच्यातला सगळ्यात वाईट खेळाडू. अकरा वर्षांत तो किती वेळा जिंकला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल आणि तरी बोटं उरतील.

*

एका रविवारी तो आमच्याआधी येऊन बसला होता. आम्ही खेळायला लागलो आणि ढोलाच्या जागी एक पुरुषी आवाज सुरू झाला. मागे तानपुरा, शेजारी बेताचा तबला. जुन्या कॅसेटची खरखर होती, पण आवाज असा की माउसवरचा हात थांबावा.

भोईरचा हात मात्र थांबला नाही. तो तेव्हा विद्याधरच्या राजधानीला वेढा घालून बसला होता. म्हणाला, "कोन रडतंय रं यो? दुसरं काय तरी लाव."

विद्याधर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "माझे वडील आहेत."

"नाना? पन ते तर..." आता भोईरचा हात थांबला.

नानांना घशाचा कॅन्सर झाला होता. आयुष्यात त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं आणि घसा गेला. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. चाळीस वर्षं शिफ्ट ड्युटी सांभाळून रोज पहाटे रियाज केलेला माणूस. मैफली फारशा केल्या नाहीत, पण घरी बत्तीस कॅसेट भरून ठेवलेल्या. घरात कुणी कॅसेट लावली की नाना उठून गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. म्हणून विद्याधरनं त्या इथे आणल्या.

"इथे बरं पडतं," तो म्हणाला. "इथे ऐकतोय असं वाटत नाही. खेळतोय असंच वाटतं."

भोईरनं वेढा उठवला आणि फौज परत नेली. लाज वाटून उठवला हे तो आजही कबूल करत नाही. म्हणतो, रसद संपली होती.

*

पुढे एक वेगळंच खूळ लागलं, आणि ते भोईरमुळे. वेढ्याच्या फाइलीत नानांची एक द्रुत बंदिश होती. भोईर पडला पखवाजी. तालाचं आवर्तन फिरून जिथे येऊन टेकतं ती सम आल्याशिवाय त्याचा हात हलेचना. फौज दारात उभी, तट पडायला आलेला, आणि हा बोट वर धरून बसलेला. सम आली की हल्ला.

महिन्याभरात आम्ही तिघंही तसेच झालो. कुणी ठरवलं नव्हतं. समेच्या आधी हल्ला करणं म्हणजे समोरचा जेवत असताना त्याचं ताट ओढणं, असं वाटायला लागलं. खेळ संथ झाला, पण आमचा आमच्यात चालला होता.

मग अंबरनाथला एका हॉलमध्ये याच गेमची स्पर्धा निघाली. आम्ही मोठ्या तोऱ्यात नावं दिली. अकरा वर्षांचा अनुभव, काय चेष्टा आहे? समोर कॉलेजची मुलं. तिथल्या मशीनवर संगीत मूळचंच, तेच ढोल. मी भोईरच्या शेजारी होतो. त्याची फौज शत्रूच्या दारात जाऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. माझीही. ढोल वाजत होते, त्यांना सम कुठली? नवव्या मिनिटाला चौघंही खलास.

एका मुलानं येऊन नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही सगळे जिंकत होता. मग थांबलात कशाला?"

उत्तर द्यायचं तर पंचवीस वर्षं गाणं ऐकलेला माणूस समोर हवा होता. हरेश म्हणाला, "नेटवर्क स्लो होतं बेटा."

*

आपला आवाज लढाईला लावलाय हे नानांना माहीत नव्हतं. ते कळलं ते हरेशच्या कृपेनं.

नाना रेडिओ दुरुस्तीला घेऊन दुकानात आले. गळ्याला रुमाल, खांद्याला पिशवी, पिशवीत शाळेतली असते तशी पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहायचे. हरेशनं त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलात आम्ही गेलो तेव्हा तो दुकान सोडून आला नव्हता. नानांनी लिहिलं, "रेडिओ खरखरतो." हरेशनं पाटी त्यांच्या हातातून घेतली, पुसली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कल मिलेगा."

नानांनी पाटी परत घेतली आणि लिहिलं, "मला ऐकू येतं."

हरेश हा किस्सा स्वतःच सांगतो आणि सांगताना कानाची पाळी धरतो. पण खरी गंमत पुढची. तो रविवार होता. वर आम्ही तिघं खेळत होतो आणि जिन्यावरून नानांचा आवाज खाली येत होता. नाना ते ऐकत उभे राहिले. मग काही न लिहिता जिना चढून वर आले, मागोमाग हरेश.

विद्याधरनं स्पीकर बंद करायला हात घातला आणि घाईत तो उलट मोठा केला. पूर्ण पोटमाळ्यात नानांची तोडी घुमायला लागली आणि नाना दारात उभे. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर मुलाच्या कानाखाली मारेल. दोन्हीला माझी तयारी होती.

नाना स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. गेममध्ये तेव्हा रात्र होती, तटावर मशाली पेटलेल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि चौघांना फिरवून दाखवलं.

"रात्री तोडी? अक्कल गहाण टाकलीत?"

पुढच्या रविवारी ते रागांची यादी घेऊनच आले. तोडी सकाळच्या कूचीला, सारंग दुपारी गहू कापताना, मारवा संध्याकाळी, रात्रीच्या लढाईला अडाणा. हरेशला वेळेप्रमाणे फाइल बदलणारा एक जुगाडू प्रोग्राम लिहावा लागला. त्यानंतर नाना दर रविवारी यायचे. स्वतःचा आवाज घरी ऐकू न शकणारा माणूस इथे तीन तास ऐकत बसायचा, कारण इथे त्यांना आमच्या चुका काढायच्या असत.

*

आता जो किस्सा सांगतोय त्यात हसण्यासारखं फार नाही, पण हरेशची फजिती आहे म्हणून आम्ही हसून सांगतो.

कॅसेटची खरखर नानांना खटकायची. हरेश म्हणाला, "अंकल, एकदम सीडी जैसा करून देतो." त्याच्याकडे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर होतं. दिवसभर बसून त्यानं सगळ्या फाइली साफ केल्या. त्याच सुमारास बत्तीसपैकी तीन कॅसेट प्लेअरमध्ये अडकून तुटल्या, फीत बोटांत तुकडे होऊन आली. हरेशला त्याचं फारसं वाटलं नाही, कारण त्याच्या मते गाणं आता कॉम्प्युटरमध्ये सुखरूप होतं.

रविवारी लावलं. आवाज स्वच्छ होता. पण काहीतरी भयंकर झालं होतं आणि काय ते मला पहिल्यांदा कळेना. भोईरला आधी कळलं. "तंबोरा कुटं गेला?" तो म्हणाला.

त्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खराबी वाटते. पंख्याची घरघर काढतात तसा त्यानं तानपुरा शोधून शोधून काढून टाकला होता. आणि हरेशनं ते जुन्या फाइलींवरच सेव्ह केलं होतं. एकोणतीस कॅसेट कॉम्प्युटरमध्ये पुन्हा भरता येणार होत्या. तुटलेल्या तीन कॅसेटींचं काही करता येणार नव्हतं.

नाना ऐकत राहिले. मग हरेशकडे पाटी धरली. "माणूस ठेवलास. पायाखालची जमीन काढलीस."

हरेश त्या दिवशी जेवला नाही. तो मला हे सांगणार नव्हता, त्याच्या बायकोनं सांगितलं. पुढच्या रविवारी विद्याधर आणि भोईर मिळून नानांचा तानपुरा त्या अरुंद जिन्यातून वर आणत होते, भोपळा वर, दांडी खाली, आणि मागून नाना पाटीवर ठकठक करून सूचना देत होते. त्या तीन गाण्यांपैकी एखादं लागलं की नाना खुर्चीत सरळ बसून तानपुरा छेडायचे. गाणारा तो, वय चाळीस. तानपुऱ्यावर साथ करणारा तोच, वय बहात्तर, गळ्याला भोक. त्या तीन गाण्यांच्या वेळी आम्ही लढाई करत नसू.

*

हा किस्सा भोईर सांगत नाही, कारण तो त्याला माहीतच नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

बायोप्सीचे रिपोर्ट मोठ्या लॅबमधून आमच्याकडे येतात आणि आम्ही प्रिंट काढून पाकिटात घालतो. एका शनिवारी प्रिंटरमधून नानांचं नाव बाहेर आलं. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं हेच कागद घड्या घालतोय. आजार परत आला होता आणि या वेळी पसरला होता. पाकीट सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. मी ते चिकटवलं आणि घरी गेलो.

रविवारी पोटमाळ्यावर बसलो. नाना माझ्या मागे खुर्चीत. मी साधं शेत नांगरायचं विसरलो, फौजेला भलतीकडे पाठवलं. पाऊण तासात माझं राज्य मोडकळीला आलं. नाना हळूच पुढे वाकले आणि पाटी माझ्या एकट्याच्या समोर धरली.

"आज फार वाईट खेळतोयस. माझा रिपोर्ट आलाय का?"

मी म्हणालो, "उद्या येईल, नाना."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, हे माझ्या बायकोलाही माहीत आहे. त्यांनी पाटी पुसली, लिहिलं "बरं, उद्या", आणि तेही पुसलं. मग मागे टेकून डोळे मिटून ऐकत बसले.

*

त्यानंतरची गोष्ट. गेमच्या पाच फाइलींपैकी दोन नानांनी कधीच बदलू दिल्या नव्हत्या. जिंकल्याच्या फाइलीबद्दल त्यांचं मत होतं, "जिंकलेल्याला ढोलच बरे." हरल्याच्या फाइलीबद्दल ते काही लिहीत नसत. कुठलीही कॅसेट सुचवली की मान हलवायचे.

एका बुधवारी ते एकटेच दुकानात आले. हरेशला लिहून दाखवलं, "हरल्याची फाइल मी करतो. माइक लाव." हरेशनं वर माइक लावून दिला, रेकॉर्डिंग सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं ते शिकवलं आणि विचारलं, "अंकल, पण तुम्ही करणार काय?" नानांनी त्याला हातानं खाली जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

पाऊण तास ते आत होते. हरेश म्हणतो, खाली काही ऐकू आलं नाही, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. नाना घामानं भिजून खाली आले. पाटीवर लिहिलेलं होतं, "हरल्याशिवाय ऐकायचं नाही. मुद्दाम हरलेलं चालणार नाही."

हरेशनं फाइल न ऐकता जागेवर टाकली. ती उघडायला एक क्लिक पुरे होतं. पण त्या चार मशीन्सवर आजपर्यंत ते क्लिक कुणी केलेलं नाही. तो एकदाच म्हणाला, "स्क्रीनवर आवाजाची रेषा बघितली यार. रेषा हलत होती. म्हणजे काहीतरी आहे."

पुढच्या रविवारी नाना हॉस्पिटलात होते. आम्ही खेळलो नाही. नंतर ते घरी आले ते फक्त अठरा दिवस.

*

अंबरनाथच्या स्मशानात चितेला अग्नी दिला आणि सगळे हात जोडून उभे होते. तेवढ्यात नानांचा आवाज आला. अडाण्याची बंदिश, खणखणीत.

हरेशचा फोन. त्यानं नानांचं गाणं रिंगटोन केलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तो या खिशात बघ, त्या खिशात बघ, घामाघूम. नातेवाईक वळून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तर दोन पावलं मागे सरले. फोन सापडला तेव्हा विद्याधरनं त्याचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "वाजू दे."

वाजत राहिलं. भोईर डोळे पुसत हळूच म्हणाला, "समंवर कट कर." हरेशनं समेवर कट केला. मग फोन पुन्हा वाजला. फोन करणारा माणूस प्रिंटर तयार झाला का विचारत होता.

*

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा बसलो. या वेळी स्पीकर काढून चौघांनी हेडफोन घातले, कारण हरल्याची फाइल फक्त हरणाऱ्याच्याच मशीनवर वाजते आणि ती दुसऱ्याच्या कानावर पडू नये. नानांचा नियम म्हणजे नियम.

पहिला भोईर हरला. चार मिनिटं तो स्क्रीनकडे बघत बसला. मग हेडफोन काढून जिन्यात जाऊन उभा राहिला. खाली आल्यावरही काही बोलला नाही. भोईर बोलला नाही, ही गोष्ट वांगणीत कुणाला खरी वाटणार नाही. पुढच्या रविवारी हरेश हरला. त्याच्या पुढच्या रविवारी मी. मला विचारू नका. हरलेला सांगत नाही, हे आमच्यात न बोलता ठरून गेलंय.

पण विद्याधर हरेना. अकरा वर्षं पहिल्या तासात बुडणारा माणूस, तो आता दात-ओठ खाऊन खेळायला लागला. गव्हाचा दाणा वाया जाऊ देईना. समेबिमेची वाट बघेना. आम्ही तिघं मिळून त्याच्यावर गेलो तरी तग धरायचा. त्यानंतरचे दहा रविवार तो ओळीनं जिंकला आणि दर वेळी शेवटी त्याच्या हेडफोनमधून ढोल ऐकू यायचे. त्याला त्या फाइलीची भीती वाटत होती. त्यात मी काही चूक म्हणणार नाही. माझे वडील असते तर मीही असाच जिंकत राहिलो असतो.

*

अकराव्या रविवारी विद्याधरची आई, म्हणजे काकू, जिना चढून वर आल्या. हातात चष्म्याचं घर. म्हणाल्या, "मला हा खेळ शिकवा."

आम्हाला कळलं कशासाठी ते. हरेश म्हणाला, "काकू, शिकायचं कशाला? बसा, दोन मिनिटांत मी तुम्हाला हरवतो."

"तसं नाही चालणार," काकू म्हणाल्या. "मुद्दाम नाही, असं लिहिलंय ना त्यांनी?" मग खुर्चीवर बसून पदरानं घाम टिपला. "दोन वर्षं पाटीवर लिहून बोलले. लिहिलं की पुसायचे. माझ्याकडे त्यांचा एक शब्द शिल्लक नाही. कॅसेटी आहेत, पण त्या काही माझ्याशी बोललेल्या नाहीत. ही शेवटची जी आहे, ती मला ऐकायचीय. रीतसर."

हरेशनं आपली जागा दिली. काकूंना माउस धरायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारपासून घोटाळा सुरू झाला. काकू हरेनात. त्यांनी पहिल्यांदा धान्याची कोठारं बांधली, मग विहिरी, मग तट. कुणावर हल्ला नाही, कसली हौस नाही. नानांच्या एका पगारात त्यांनी घर चालवलेलं, तिथे गेमचा गहू पुरवणं म्हणजे काय? भोईर खास त्यांना हरवायला फौज घेऊन गेला. तटाबाहेर बसून बसून त्याचेच सैनिक उपाशी मेले.

"काकी, दरवाजा तरी उघडा जरासा," तो काकुळतीला आला.

"तुला जमत असेल तर पाड," काकू म्हणाल्या.

त्यांना हरवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो त्यांच्या वाटेला जात नव्हता. विद्याधर आम्हाला बुडवायचा आणि आईच्या सरहद्दीपाशी येऊन थांबायचा. एक वाजायचा, डाव अर्धवट सुटायचा. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी साडेअकरालाच मी आणि भोईर खलास झालो होतो. हरेश माझ्या मागे उभा. पटावर मायलेक दोघंच.

"विदू, ये ना रे," काकू म्हणाल्या.

"नाही, आई."

"का?"

"तुला नाही हरवणार मी."

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "मग मी येते," म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फौज बाहेर काढली. तटावर धावून गेल्या नाहीत. आधी त्याची शेतं अडवली, मग विहिरी, मग कोठारांची वाट. विद्याधर लढला. खोटं नाही सांगत, जिवाच्या आकांतानं लढला, कपाळावरची शीर दिसत होती. पण आत दाणा उरला नव्हता. सव्वाबाराला त्याचा तट पडला. त्याच्या स्क्रीनवर काळोख झाला.

काकूंच्या मशीनला हेडफोन नव्हता, त्यांच्या कानांना तो टोचायचा, म्हणून स्पीकर होता. त्यातून ढोल वाजायला लागले. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. काकू स्वतःच्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. हात मांडीवर ठेवून त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. विद्याधर चार मिनिटं हलला नाही. तीन मिनिटं होऊन गेल्यावर एकदा त्याचे ओठ हलले, जणू कुणाला उत्तर देतोय.

मग त्यानं हेडफोन काढला. अजून थोडं शिल्लक असावं, कारण तो घाईनं उठला आणि हेडफोन तसाच आईच्या कानापाशी नेला.

"आई, ऐक. लवकर ऐक."

काकूंनी त्याचं मनगट धरलं आणि हात हळूच बाजूला केला.

"नको," त्या म्हणाल्या. "मी अजून हरले नाही."

आणि हरेशला त्यांनी पुढचा डाव लावायला सांगितलं.